मागच्या भिंतीच्या मेखा

भाटघरच्या आमच्या घराची मागची भिंत ओढ्याकडे कलायला लागली, तेव्हा ती आपणच सावरायची असं मी एका सकाळी चहा पिता पिता ठरवलं. (धरणाच्या कामावर मी तीन वर्षं कारकून होतो. खिळे मोजायचो, पण इंजिनियर साहेबांच्या शेजारच्या खोलीत बसून.)

मागची जमीन म्हणजे नुसता गाळ. कोंडिबा गवंडी येऊन बघून गेला. खाली मुरूम आहे, तिथवर बाभळीच्या मेखा ठोकून भिंतीचा भार त्यांच्यावर घ्यावा, असं त्याचं म्हणणं. इथवर मलाही मान्य होतं. पण तो पुढं म्हणाला, "आदी छपराला टेकू द्या. मंग भिंतीपासनं हातभर लांब, एकेक मेख ठोका."

माझं डोकं फिरलं. धरणावर राहिलेल्या माणसाला हा शिकवणार! टेकू आजाऱ्याला लागतात, असं सुनावून मी त्याला घालवून दिलं. त्यावर माझी बायको सगुणा पेटली. "तुमी खिळं मोजलं, त्यानं घरं बांधली," एवढंच बोलली, आणि भिंतीलगत निजणाऱ्या माझ्या आईला अंथरुणासकट पुढच्या पडवीत नेऊन बसवलं. हा माझा उघड अपमान होता. मी तिच्याशी बोलणं टाकलं. (तिनं ते आधीच टाकलं होतं, हे मला संध्याकाळी समजलं.)

दुसऱ्या दिवशी हैबती नावाचा गडी लावून भिंतीला खेटूनच ठोकायला सुरुवात केली. पहिली मेख दह्यात बोट बुडवावं तशी गेली. दुसरीही. तिसरी अडली. खाली धोंडा असेल, थांबू या, असं हैबती म्हणाला. मी संतापून त्याच्या हातातली मोगरी हिसकावली. पहिला घाव कोंडिबाच्या नावानं घातला, दुसरा सगुणाच्या. पुढचे मोजले नाहीत. भिंत कडाडली, मी मागे उडी मारली आणि अख्खी भिंत माझ्यापासून वीतभर अंतरावर गाळात आडवी झाली; छपराचे दोन-चार वासे आत आईच्या निजायच्या जागेवर कोसळले.

मी कमरेपर्यंत रुतलो होतो. समोर, उघड्या पडलेल्या घरात, सगुणा चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला.

"सासूबाई आज हितंच निजल्या असत्या तर?"

राग होताच, पण तो आता काढायचा कुणावर? हैबतीनं आधी मोगरी बाहेर काढली, मग मला.

सगुणा स्वतः जाऊन कोंडिबाला घेऊन आली. त्यानं टेकू दिले, मेखा ठोकल्या, महिन्याभरात भिंत उभी केली. जाताना तो तिला हळूच काहीतरी सांगून गेला. भिंतीची निगा कशी राखायची ते असेल, म्हणून मी विचारलं.

"पाऊस, पूर, म्हशीची धडक, समदं सोसंल म्हनाला," सगुणा म्हणाली. "फकस्त तुमाला तिच्याजवळ फिरकू देऊ नगा म्हनाला."