जावळ आणि शेषाधिकार

मितेशच्या एका डोळ्यात काजळ होतं, दुसऱ्यात नव्हतं. गालावर डावीकडे तीट होती आणि उजवीकडेही होती. कॉलेजातून आलेल्या वैष्णवीने पर्स दारातच टाकली आणि लेकाला उचलून खिडकीच्या उजेडात नेलं.

"आई, हे काय?"

"माजं नाय हां," सासूबाई म्हणाल्या. "काजळ मी घातलं. पुसलं तुज्या आयेनी. एकच डोळा हाती लागला तिच्या, तवर हा रांगत पळाला."

"डोळ्यात नको घालू सांगितलंय ना डॉक्टरनी!" स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

"मंग तीट तरी कशाला लावलीस? मी लावलेली होती की!"

"तुमची डावीकडं होती, विहीणबाय. नजर काय डावीकडूनच येते?"

वैष्णवी पालघरला अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवायची. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा बोईसरच्या फ्लॅटवर मितेशला सांभाळायची व्यवस्था झाली ती अशी: आठवड्याच्या सुरुवातीला केळव्याहून सासूबाई, म्हणजे साखरबाई, आणि पुढे उमरोळीहून आई, म्हणजे रखमा. अदलाबदलीच्या दिवशी दोघी एकत्र. ऐकायला व्यवस्था फार छान होती. प्रत्यक्षात साखरबाई तेल चोळून जात आणि रखमा येऊन ते बेसन लावून काढी. गेल्या आठवड्यात तर एकीने केळं भरवलं हे दुसरीला कळलंच नाही, म्हणून तिनेही भरवलं. पुढचे दोन दिवस घरात लंगोटांशिवाय दुसरं काही वाळत नव्हतं.

वैष्णवी मुळातच काळजी करणारी. मितेश झोपला की श्वास चालू आहे का बघायची, आणि जागा असला की हा झोपत का नाही म्हणून झुरायची. आता ती वर्गात असली तरी निम्मी घरीच असे. त्या दिवशी 'संघराज्याची वैशिष्ट्ये' शिकवताना ती फळ्यासमोर मधेच थांबली. केंद्र, राज्यं, अधिकारांची वाटणी. आपल्या घराला हेच तर हवं आहे!

रविवारी तिने सगळ्यांना बसवून घराची घटना वाचून दाखवली.

"डॉक्टर, औषध, लस, झोप हे केंद्राचे विषय. केंद्र म्हणजे मी. तेल, अंगाई, झबली हे राज्यांचे. ज्याच्या त्याच्या दिवशी ज्याचं त्याचं राज्य. खाणंपिणं समवर्ती. म्हणजे दोघांचंही, पण भांडण झालं तर केंद्राचं चालेल. आणि जो विषय यात कुठेच नाही, तो शेषाधिकार. तोही केंद्राचा."

"म्हंजी नाव आमचं नि गाव तुजं," साखरबाई म्हणाल्या.

"आणि मी राष्ट्रपती का?" तिच्या नवऱ्याने, ललितने, आशेने विचारलं.

"कायदे करणाऱ्या आम्ही तिघी. तू कार्यकारी मंडळ. ठरलेलं अमलात आणायचं."

"म्हणजे आत्तासारखंच."

न्यायालय कोणाचं यावर वाद झालाच नाही. सासरे विश्राम वाडीतल्या नारळीशी जेवढं बोलत तेवढंसुद्धा घरात बोलत नसत. इतका तटस्थ माणूस पंचक्रोशीत नव्हता. त्यांनी मान हलवली आणि पेपरची घडी उलटली.

पंधरवडाभर घटना सुरेख चालली. रखमा तर फोनवर विचारू लागली, "गो, शिंक आली त्याला. केंद्राला कळवायचं असतं ना?" वैष्णवीला इतकं शांत कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

मग मितेशचे केस डोळ्यांवर यायला लागले.

"जावळ काढायला हवं," रखमा म्हणाली. "आमच्या अंकुशला सांगते. मामाच्या मांडीवर, उमरोळीला."

"मामाची मांडी केळव्याला आणा की," साखरबाई म्हणाल्या. "आमच्या घरची सगळी जावळं गावदेवीसमोर झाली. ललितचं तिथंच झालं."

"म्हणून तर आता टक्कल पडलंय!"

ललितने नकळत डोक्यावरून हात फिरवला. वैष्णवीला खरं तर पाऊस कमी होईपर्यंत थांबायचं होतं. ओल्या हवेत बोडकं डोकं म्हणजे सर्दी. पण तिने तोंड उघडायच्या आत दोन्ही राज्यांनी न्यायालयात दाद मागायचं ठरवलं होतं.

विश्राम पुढच्या खेपेला केळव्याहून आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. बाल्कनीतल्या खुर्चीत बसले, दोन्ही बाजू ऐकल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा घरच्यांसमोर सलग बोलले.

"विषय नाजूक हाय. अभ्यास करावा लागंल. निकाल लागंपर्यंत जैसे थे. केसांला कोनी हात लावायचा नाय."

आणि बोईसरलाच मुक्काम ठोकून अभ्यास सुरू झाला. तो संपेचना. संपणार कसा? रखमा येताना न्यायालयासाठी तळलेले बोंबील आणू लागली. डायबेटिसमुळे नवऱ्याला वर्षभर बिनसाखरेचा चहा देणाऱ्या साखरबाई कपात साखर घालू लागल्या. विश्रामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इकडे मितेशचे केस नाकापर्यंत आले. ललितने एकदा दया येऊन पिन लावली, तर "न्यायालयाचा अवमान!" असा बाल्कनीतून आवाज आला आणि पिन निघाली. मग एका सकाळी रांगता रांगता लेकरू थेट टीपॉयच्या पायावर आदळलं आणि कपाळाला टेंगूळ आलं.

ते बघून वैष्णवीचा धीर सुटला. तिने घटना उघडून सासऱ्यांसमोर धरली.

"बाबा, जावळ कुठल्या यादीत आहे?"

"नाय कुठं."

"मग तो शेषाधिकार. म्हणजे केंद्राचा. निकाल द्या."

विश्रामांनी वाचलं. पुन्हा वाचलं. बोंबलांचा सुगावा लागतो का म्हणून स्वयंपाकघराकडे एकदा नजर टाकली. शेवटी उसासा सोडला. "बरोबर हाय. ज्याचं नाव यादीत नाय, ते समदं केंद्राचं."

वैष्णवीने जिंकल्याच्या आनंदात मितेशचा पापा घेतला. दोन्ही आज्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

"विहीणबाय," साखरबाई हळूच म्हणाल्या, "आंघोळ हाय का ओ यादीत?"

"नाय. नि लंगोट धुवायचे?"

"ते पन नाय. खांद्यावर घेऊन फिरवायचं?"

"काय लिवलेलंच नाय बाय."

"मंग आपलं काय काम इथं?"

दोघींनी पिशव्या भरल्या. साखरबाईंनी मितेशला वैष्णवीच्या कडेवर दिलं, रखमाने त्याच्या मुठीतून पदर सोडवला, आणि दोघी एकाच रिक्षाने स्टेशनकडे गेल्या. मागून न्यायालयही गेलं.

दुसऱ्या दिवशी केंद्राने मितेशला आंघोळ घातली, पेज शिजवली, सांडलेली पुसली, साडी बदलली, परत बदलली. कॉलेजची वेळ टळून गेली. ललित कंपनीत निघाला होता. तो दारात बूट हातात घेऊन उभा राहिला. "मी थांबू का?" त्याने विचारलं. त्याने मागच्या वेळी लंगोट कसा बांधला होता ते आठवून वैष्णवी म्हणाली, "जा." मग प्राचार्यांना फोन करून तिने घसा बसल्याचं सांगितलं. मागे मितेशने भोंगा लावला होता. "तुमचा घसा मला ऐकू येतोय," प्राचार्य म्हणाले.

दुपारी तिने केळव्याला फोन लावला. पलीकडून दोघींचे आवाज आले. रखमा तिथेच मुक्कामाला होती.

"आई, मला तुमची गरज आहे. जावळाचं तुम्ही दोघी ठरवा. मी अडवणार नाही."

"ठरलंय आमचं," साखरबाई म्हणाल्या. "अर्धं इथं, अर्धं तिथं."

"अर्धं?"

"वाटणी बरोबर नको?"

पाऊस उघडलेला दिवस गाठून न्हाव्याने केळव्याला मितेशचं उजवं डोकं चकचकीत केलं. भांगाच्या रेषेवर दोन्ही राज्यांनी बोट ठेवून सीमा आखून दिली होती. उरलेलं डोकं घेऊन सगळं कुटुंब भाड्याच्या गाडीतून उमरोळीला निघालं. पालघरच्या चौकात गाडी अडकली. भाजीची पाटी घेतलेल्या एका बाईने खिडकीतून आत डोकावलं.

"काय गो, न्हावी मधीच पळाला?"

"टोपी घाल त्याला!" दोन्ही आज्या एका सुरात ओरडल्या. वैष्णवीने घाईघाईने टोपी चढवली. मितेशने ती उपटली आणि खिडकीबाहेर भिरकावली. दुसरी चढवली, तीही गेली. मग तो मोकळ्या झालेल्या डोळ्याने रस्ता बघत खदाखदा हसायला लागला. कित्येक दिवसांत त्याला सरळ समोरचं दिसलंच नव्हतं.

वैष्णवी बघत राहिली. कलमं लिहिली, न्यायालय बसलं, सीमा आखली, आणि ज्याचं डोकं त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"आई, आये," ती म्हणाली, "राहू दे त्याला तसाच."

"वारा लागंल गो..." साखरबाईंनी सुरुवात केली.

"लागू दे."

हे ती म्हणाली याचं सगळ्यात जास्त नवल तिलाच वाटलं. साखरबाईंनी वारा अडवायला पुढे केलेला पदर मागे घेतला. रखमाने तर काच आणखी थोडी खाली केली.

आणि ललित, कुणीही न सांगता, गाड्यांच्या मधून टोप्या वेचत होता.