आठ-त्रेचाळीसचे सुगनभाऊ

आमचे शेजारी सुगनभाऊ माणसाचे दात मोजत. तोंडातले नव्हे. एखादा माणूस भेटला, दोन वाक्यं बोलला, की भाऊ डोळे बारीक करून निकाल देत, "अकरा-सत्तेचाळीस आहे. सपाट रस्त्यावर पळेल, चढ आला की बसेल." किंवा एखाद्या म्हातारीकडे आदराने बघत म्हणत, "आठ-त्रेचाळीस. हळू बोलते, पण भाव पाडल्याशिवाय पायरी उतरायची नाही."

हे आकडे जीपचे. गाडीच्या दोन चाकांच्या मधोमध खाली जो लोखंडी गोळा दिसतो, त्याच्या पोटात दोन दातेरी चाकं असतात. लहान ते पिनियन, मोठं ते क्राउन. लहानाचे दात आधी म्हणायचे, मोठ्याचे नंतर. मोठ्याच्या दातांना लहानाच्या दातांनी भागायचं. भागाकार मोठा आला तर गाडी हळू चालते पण ओढ जबर. लहान आला तर गाडी पळते, पण चढावर धापा टाकते. एवढं कळलं की सुगनभाऊंचं निम्मं तत्त्वज्ञान कळलं. उरलेलं निम्मं कळायला मला बरीच वर्षं लागली.

धुळ्याच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. आजोबा मारवाडातून आले, वडिलांनी दुकान वाढवलं, भाऊंनी चालवलं. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी, माझ्याशी शाळेतली मराठी. मी गणिताचा शिक्षक असल्यामुळे ते मला सर म्हणत आणि गणिताचा शिक्षक असल्यामुळेच मला सोडत नसत.

माझ्या पुतणीला अमळनेरचं स्थळ आलं तेव्हा भाऊ शेजारी म्हणून बैठकीला होते. मुलगा उत्साही, धंद्याच्या मोठ्या मोठ्या गोष्टी सांगत होता. भाऊ माझ्याकडे वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मुलगा चांगला आहे, पण दात कमी पडतात." मुलाचे मामा गंभीर झाले. म्हणाले, "आमना पोऱ्याना बठ्ठा दात शाबूत शेतस." मुलाला तोंड उघडून दाखवायला लावण्यापर्यंत गोष्ट आली होती. लग्न झालं, ते मामांच्या मोठ्या मनामुळे.

या सगळ्याचं मूळ म्हणजे त्यांची जीप. साक्रीच्या एका ठेकेदाराकडून त्यांनी ती जुनी घेतली. का घेतली, ते कुणालाच कळलं नाही. घरापासून दुकान हाकेच्या अंतरावर. घेतल्यावर मोबाईलवर कुठला तरी फोटो बघून जळगावहून मोठे टायर आणले. जीप एवढी उंच झाली की त्यांच्या बायकोला, कंचनभाभींना, चढायला दुकानातला लाकडी स्टूल लागायचा. त्या म्हणायच्या, "लोकांच्या गाडीला पायरी असते, आमच्या गाडीला फर्निचर."

पहिल्याच रविवारी भाऊ मला लळिंगच्या घाटात घेऊन गेले. टायर मोठे झाले पण दात तेच राहिले, त्यामुळे गाडीची अवस्था बापाची पायताणं घातलेल्या पोरासारखी झाली होती. पाऊल लांब पडत होतं आणि उचलत नव्हतं. कांद्याने भरलेले ट्रक आम्हाला मागे टाकून गेले. एका एसटीचा कंडक्टर खिडकीतून वाकून आमच्याकडे कणवेने बघत होता. भाऊ म्हणाले, "सर, तुम्ही गणिताचे. उत्तर काढा."

मी तिथेच काढलं. जुना टायर अठ्ठावीस इंच उंच, नवा एकतीस. गाडीत होतं आठ-एकोणचाळीस, म्हणजे भागाकार पाचाला थोडा कमी. त्याला एकतीसने गुणायचं, अठ्ठाविसाने भागायचं. पाच पूर्णांक चारच्या आसपास येतं. त्रेचाळीसला आठने भागा, जवळजवळ तेवढंच येतं. सातवीतलं त्रैराशिक. आठ-त्रेचाळीस बसवा, गाडी होती तशी चढायला लागेल.

"बरोबर," भाऊ म्हणाले. "पण घाई नको. दात एकदा बसला की बसला."

आणि मग वर्षं गेली.

आधी शंका हायवेची. आठ-त्रेचाळीसने चढ चढेल, पण सुरतेच्या रस्त्याला इंजिन किंचाळेल, मग? मी विचारलं, तुम्ही सुरतेला कधी जाता? "जात नाही, पण जावं लागलं तर?" मग शंका टायरची. टायर झिजला की उंची कमी होते, उंची कमी झाली की माझं उत्तर चुकतं. मी म्हटलं, झिजायला फार दिवस लागतात. "म्हणूनच थोडं थांबून बघू." एकदा गल्लीत खडूच्या रेघा मारून, कंचनभाभींच्या हातात टेप देऊन, चाक एका फेऱ्यात किती जातं ते मोजलं. मग हवा थोडी काढून पुन्हा मोजलं. मग भाभींना गाडीत बसवून पुन्हा मोजायचं होतं, पण भाभी टेप टाकून घरात निघून गेल्या.

युसूफ मिस्त्रींचं गॅरेज हे भाऊंचं दुसरं घर. तिथे आठ-त्रेचाळीसच्या दोन जोड्या तेल लावून, पोत्यात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. दोन अशासाठी, की या जीपची चारही चाकं ओढतात, पुढे एक गोळा, मागे एक. भाऊंनी मधेच एक डोकं लढवलं होतं की फक्त मागचा बदलू, पुढचा हायवेसाठी ठेवू. युसूफ मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, पुढची चाकं एक म्हणतील, मागची दुसरं. दोघांना जोडणारी मधली पेटी फुटेल. दोन्ही बदला नाहीतर दोन्ही राहू द्या. पण ठरवा."

भाऊंना ठरवायचं नव्हतं. हे मला तेव्हा दिसायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण छंदी माणसाची चालढकल आपण छंदातच जमा धरतो. दर दिवाळीला भाऊ फोन घेऊन गच्चीवर जात आणि कुणाला तरी सांगत, "गाडीचं काम चालू आहे. झालं की येतो." मला वाटायचं, कोणी व्यापारी असेल.

गेल्या साली युसूफ मिस्त्रींनी गॅरेज बंद करायचं ठरवलं. मुलगा सुरतेला होता, तिकडे राहायला जायचं होतं. त्यांनी पोतं भाऊंच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, "आता माझ्या हाताने बसवून घ्या. नंतर कोणाच्या हाताने बसेल सांगता येत नाही." भाऊंनी पोतं उघडून दातांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बसवा."

त्या दिवाळीला भाऊ फोन घेऊन गच्चीवर गेले नाहीत; दिवाळी झाल्यावर एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. इस्त्रीचं धोतर नेसले होते, एरवी पायजम्यात असत. मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी गोल ठेवलं होतं. कंचनभाभी दारात उभ्या होत्या.  पुढे येऊन गोधडीची गाठ पुन्हा एकदा घट्ट करून गेल्या.

साक्रीपर्यंत इंजिन खरोखरच किंचाळलं. पिंपळनेर सोडल्यावर डोंगर जवळ आले. एका वळणावर भाऊंनी गाडी थांबवली. रस्त्याकडेला एक म्हातारबाबा शेळ्या घेऊन बसले होते. भाऊंनी त्यांना वरच्या पाड्याचं नाव सांगून विचारलं, दगडांची वाट कुठून चढते.

बाबा म्हणाले, "ती वाट कसाले? आते डांबरना रस्ता व्हयी गया. रिक्षा बी जास वर."

"कधी झाला?"

"व्हयनात बराच दिन."

भाऊंनी स्टेअरिंगवर हात ठेवले. मग म्हणाले, "सर, एवढं बसवलंय. जुन्या वाटेनेच जाऊ."

आम्ही जुन्या वाटेने गेलो. खरं सांगायचं तर गाडी सुरेख चढली. मोठमोठ्या धोंड्यांवरून, मांजर भिंतीवरून चालतं तशी, न अडखळता, न घसरता. माझं त्रैराशिक बरोबर होतं. भाऊ एकदाही हसले नाहीत. माथ्यावर पोचलो, खाली कौलं दिसायला लागली, तर त्यांनी गाडी बंद केली आणि उतरून चाकांचे नट हाताने चाचपायला लागले. एक चाक, दुसरं चाक. मग त्या चाकाशीच उकिडवे बसले आणि बोलले.

खाली त्यांचा धाकटा भाऊ दिलीप राहत होता. शिकून इथल्या आश्रमशाळेत मास्तर झाला आणि तिथल्याच एका मास्तरणीशी, इथल्याच आदिवासी घरातल्या यमुनाशी, लग्न केलं. लग्न करून दोघं दुकानात पाया पडायला आली. वडील गल्ल्यावरून उठले आणि आत निघून गेले.

"वडिलांनी केलं ते वडिलांनी केलं," भाऊ म्हणाले. "ते गेलेसुद्धा. पण ती माझ्यासमोर वाकली आणि मी पाय मागे घेतला. तो कोणी घ्यायला सांगितला नव्हता. दिलीप नंतर कितीदा म्हणाला, दादा, एकदा वर ये. मी म्हटलं, तुझ्याकडे रस्ता नाही. तो म्हणाला, मग जीप घे. मी जीप घेतली. मग म्हटलं, चढत नाही."

मग म्हणाले, "तिला काय म्हणायचं ते सुचत नव्हतं, सर. बाकी काही नाही."

मी म्हटलं, "चला आता. तिथे सुचेल."

दिलीपरावांचं घर नीटनेटकं होतं. अंगणात नागलीची कणसं वाळत होती. ते दारात आले, भाऊंच्याच चेहऱ्याचे, फक्त जास्त उन्हातले.  मग दिलीपराव वाकायला लागले, तर भाऊंनी त्यांचे खांदे धरले आणि धरूनच ठेवले.

बसल्यावर भाऊंनी गोधडी सोडली. आत तांब्याची मोठी घागर होती. त्यांच्या घरात सून आली की तिच्या नावाची घागर देतात. हिच्यावर दुकानातच नाव घातलेलं होतं, जुन्या वळणाच्या अक्षरात. यमुना. भाऊ आत बघत म्हणाले, "तिला बोलाव ना."

दिलीपराव म्हणाले, "दादा, यमुना गेली. होळीच्या आधी."

अंगणात कोंबड्या कणसांवर येत होत्या, त्यांना कोणी हाकललं नाही.

"मला कळवलं नाहीस?"

"कळवणार होतो." दिलीपरावांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "मग वाटलं, तुझ्या गाडीचं काम चालू असेल."

भाऊंनी मान हलवली, एखादा हिशेब पटल्यासारखी. घागर मांडीवर घेऊन बसले आणि अंगठ्याने ती अक्षरं पुसत राहिले, जणू त्यांच्यावर धूळ बसली होती. मग आतून एक तरुण मुलगी आली. दिलीपरावांची मुलगी, रेवती, खालच्या दवाखान्यात नर्स आहे. तिने घागर त्यांच्या मांडीवरून अलगद उचलली, नाव वाचलं आणि विचारलं, "मोठे बाबा, जेवून जाल ना?"

 भाऊ त्या मुलीच्या पायांकडे बघत होते. मग त्यांनी उठून, भिंतीवर यमुनाबाईंचा फोटो होता, त्याच्यासमोर हात जोडले, आणि हात जोडलेलेच उभे राहिले. दिलीपराव त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. मी अंगणात जाऊन कोंबड्या हाकलायला लागलो.

जेवणं झाली. नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ. ऊन उतरायला लागलं तेव्हा मी निघायचं म्हटलं. भाऊ ओट्यावर बसले होते. म्हणाले, "सर, तुम्ही पुढे व्हा. मी राहतो."

"किती दिवस?"

"बघू," म्हणाले. पण ते नेहमीचं 'बघू' नव्हतं.

रेवतीने रिक्षा बोलावून दिली. डांबरी रस्त्याने रिक्षा झरझर उतरली. साक्रीहून एसटी मिळाली आणि दिवेलागणीला मी गल्लीत पोचलो. कंचनभाभी ओट्यावर बसल्या होत्या. मला एकट्याला बघून त्या उठल्या.

"गाडी?"

"चढली. व्यवस्थित चढली. भाऊ तिकडेच राहिलेत, दिलीपरावांकडे."

"राहिले?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. त्या हसत होत्या. "बरं झालं. बसा सर, चहा टाकते." दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "ती घागर किती साल माळ्यावर होती, माहीत आहे? दर दिवाळीला मी चिंच लावून घासायची आणि परत ठेवायची. यांना म्हणायची, तुम्हाला नसेल जमत तर मी एकटी एसटीने जाते. तर म्हणायचे, थांब, आपण दोघं जाऊ."

मी ओट्यावर बसलो.

"यमुनेला आवडली का हो?" त्यांनी विचारलं. "काय म्हणाली ती?"

मी म्हटलं, "भाभी, चहा राहू द्या. जरा इथे बसा."