झिपरोजीच्या घरचा आग्रहाचा बुफे

एका जंगलात, मुलांनो, एका अस्वलकन्येचं लग्न पंधरा मिनिटांत ठरलं. लग्नातलं जेवण कसं वाढायचं, हे ठरायला मात्र अडीच महिने लागले. हसू नका. तुमच्या आईवडिलांना विचारून बघा.

मुलीचं नाव मधुरा. तिच्या वडिलांचं नाव झिपरोजी. झिपरोजी अंगाने टेकडीएवढा, पण त्याला एका गोष्टीची फार भीती वाटे. वाघाची नव्हे. लोक नावं ठेवतील याची.

"पंगतच पाहिजे," झिपरोजीचे थोरले भाऊ आबाजी म्हणाले. "पाहुण्याला पाटावर बसवावं, आग्रहाने वाढावं. हातात ताट घेऊन उभ्याने खातं ते जनावर!"

"आबा, आपण जनावरंच आहोत," झिपरोजी म्हणाला.

"म्हणून काय ते चारचौघांत दाखवायचं?"

मधुराला बुफे हवा होता. "बाबा, ज्याला जे हवं ते घेऊ दे की. माझ्या निम्म्या मैत्रिणी वाळवी खात नाहीत."

मग झिपरोजी दुसऱ्यांची लग्नं पाहायला निघाला.

गव्यांच्या लग्नात पंगत होती. झिपरोजी पाटावर बसला. पहिला घास तोंडात घातला तोच मानेवर गरम श्वास आला. मागे एक गवा उभा होता.

"सावकाश होऊ द्या," गवा म्हणाला. "तुमच्यानंतर या पाटावर माझा नंबर आहे."

झिपरोजीने तीन घासांत जेवण आटोपलं. त्यातला एक न चावता.

रानडुकरांच्या लग्नात बुफे होता. रांग नाल्यापर्यंत गेली होती. झिपरोजी टेबलाशी पोचला तेव्हा त्याच्या वाट्याला थोडी चटणी, थोडं लोणचं आणि पुढच्या सांबराचं शिंग आलं.

तो कपाळाला हात लावून केटररकडे गेला. केटरर होता एक तरस. तरसाचा चेहराच हसरा. त्यामुळे तो कशाला हसतोय, हे गिऱ्हाइकाला कधी कळत नसे.

"साहेब, दोन्ही करू," तरस म्हणाला. "आग्रहाचा बुफे! पाहुण्यांनी उभ्याने घ्यायचं, आपल्या मंडळींनी आग्रह करायचा. सध्या हेच चाललंय."

"कुठे चाललंय?"

"तुमच्याकडे!"

'सध्या हेच चाललंय' म्हटल्यावर झिपरोजीचा जीव भांड्यात पडला.

लग्नाच्या दिवशी मोठ्या मोहाच्या झाडाखाली मांडव घातला होता. टेबलावर मोहाच्या फुलांची खीर होती, वाळवीची भजी होती, मधातली जिलबी होती. अक्षता पडल्या आणि मुलीकडची पाहुणेमंडळी ताटं घेऊन धावली.

आबाजी जिलब्यांची परात घेऊन मांडवभर फिरू लागले. "नको" म्हणेल त्याच्या ताटात दोन. "खरंच नको" म्हणेल त्याच्या ताटात चार. एका साळिंदराने ताटच पाठीमागे लपवलं. आबाजींनी जिलब्या त्याच्या काट्यांना अडकवल्या.

या गडबडीत एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. वराकडचं कुणीच जेवत नव्हतं. नवरदेवाचे वडील भुरोजी खुर्चीत ताठ बसले होते. त्यांच्या मागे त्यांची चाळीस अस्वलं तशीच ताठ. फक्त पोटं गुरगुरत होती.

ते गुरगुरणं झिपरोजीच्या बायकोने, केसरबाईने ऐकलं.

"अहो, व्याही जेवले का?"

"घेतील की हाताने. बुफे आहे."

"तुम्ही बोलवायला गेला होतात?"

"बुफेला बोलवत नाहीत!"

"मग आग्रहाचा म्हणजे कशाचा?"

झिपरोजी धावत सुटला. "व्याहीबुवा, चला, जेवून घ्या!"

"आत्ता?" भुरोजी उठून उभे राहिले. "दीड तास आम्ही तुमच्या पाहुण्यांची तोंडं हलताना बघतोय. जेवायला चला म्हणायला कुणी फिरकलं नाही. परागऽ, चल घरी."

पराग म्हणजे नवरदेव. तो स्टेजवर मधुराशेजारी उभा होता. सकाळपासून दोघांच्याही पोटात काही नव्हतं. फोटो काढणारं माकड त्यांना अजून "हसा, हसा" म्हणत होतं.

झिपरोजीने हात जोडले. अडीच महिने तो ज्याला भीत होता, ते नावं ठेवणं आता व्याह्यांच्या रूपाने दारातून बाहेर निघालं होतं, आणि जाताना जावईही घेऊन चाललं होतं.

तेवढ्यात मधुरा स्टेजवरून खाली उतरली. तडक टेबलाशी गेली. तिने खिरीचं अख्खं पातेलं उचललं, मांडवाच्या मधोमध शालूसकट फतकल मारली आणि कोपरापर्यंत हात घालून खायला सुरुवात केली.

"अगं पोरी, सासरे उपाशी आहेत!" आबाजी ओरडले.

"मीही उपाशीच आहे," मधुरा म्हणाली. "त्यांना रुसायची तरी सोय आहे. मला कुठे आहे?"

परागने वडिलांकडे पाहिलं. मग पातेल्याकडे पाहिलं.

"अण्णा, तुम्ही रुसा," तो म्हणाला. "मी जेवून येतो."

आणि तो तिच्याशेजारी जाऊन बसला. तिने पातेलं जरासं त्याच्याकडे सरकवलं. ते बघून वराकडची एक मावशी उठली. मग एक काका. मग उरलेले सगळे जण एकदमच. भुरोजी मांडवाच्या दाराशी एकटेच राहिले. एकट्याने रुसता येत नाही, मुलांनो. बघायला कुणीतरी लागतं. ते थोडा वेळ थांबले, परत आले आणि सुनेला म्हणाले, "सरक."

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर सगळं जंगल जमलं. झिपरोजी झुडपामागे लपून ऐकत होता.

"सासऱ्याच्या आधी जेवली म्हणे!"

"तेही पातेल्यातून!"

"आणि शालू नेसून!"

झिपरोजी नाचतच घरी आला. "ऐकलंस का? भजी गार होती, असं कुणी म्हणालं नाही. पंगत का नव्हती, असंही नाही. जेवणाला कुणी नावंच ठेवली नाहीत!"

"आणि आपल्या मुलीला?" केसरबाईने विचारलं.

"ते चालायचंच," झिपरोजी म्हणाला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

तात्पर्य : पंगत घाला नाहीतर बुफे मांडा, पाहुण्यांना नावं ठेवायला काहीतरी लागतंच. घरात एखादी भुकेली, धीट मुलगी असली, की जेवणाची अब्रू वाचते.