लेलेकाका आणि रिकामा तवा

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतले लेलेकाका कुणाकडे गेले की कोचावर बसत नाहीत. थेट स्वयंपाकघरात शिरतात आणि नॉनस्टिक तवा उजेडात धरून पाहतात. ओरखडा दिसला की म्हणतात, "अहो, हा तवा आहे की रस्ता?"

काका निवृत्त केमिस्ट. फ्लोरिनची संयुगं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. फ्रीजचा गॅस, नॉनस्टिक तव्याचा थर, रेनकोटवरचा पाणी न धरणारा थर, कितीतरी गोळ्या-औषधं, सगळीकडे त्यांना फ्लोरिनच दिसतो. "कार्बनशी याची गाठ बसली की सुटता सुटत नाही. म्हणून तर काही चिकटत नाही, काही कुजत नाही!" हे ते लिफ्टमध्येही ऐकवतात. चौथ्या मजल्यापर्यंत आपणही सुटत नाही. काकू गेल्यापासून आमच्या शेजारी ते एकटेच राहतात.

गेल्या महिन्यात आमच्या हिनं तवा गॅसवर ठेवला आणि तेवढ्यात तिला फोन आला. जरा वेळानं दारावर धपाधप थापा. काका, अनवाणी.

"वास आला मला! तवा रिकामा आहे का? पक्षी कुठेत?"

पक्षी म्हणजे आमच्या लेकीची लव्हबर्डची जोडी. पिंजरा स्वयंपाकघराच्या दारातच टांगलेला. मी गॅस बंद करेपर्यंत काकांनी खिडक्या उघडल्या, पिंजरा उचलला आणि जिन्यानं गच्चीवर धावले. आम्ही मागोमाग. हिरवा पक्षी पिसं फुगवून डोळे मिटून बसला होता. पिवळा चोच उघडून धापा टाकत होता.

"गाठ सुटत नाही म्हणता ना?" मी घाबरून विचारलं.

"रिकामा तवा फार तापला की सुटते. त्या वाफेनं आपल्याला ठसका लागतो, यांचा जीव जातो."

"जगतील ना, काका?" लेकीनं विचारलं.

काकांनी पिंजऱ्यातल्या वाटीत ताजं पाणी घातलं. दुपारभर टाकीच्या सावलीत ते पिंजऱ्यापाशी उकिडवे बसून होते. जेवायलासुद्धा उठले नाहीत. चारच्या सुमारास हिरव्यानं पाण्यात चोच बुडवली. मग पिवळाही दांडीवर चढला. लेक आनंदानं काकांसाठी चहा आणायला खाली पळाली.

"आमच्या सुमनचीही होती जोडी," काका पिंजऱ्याकडे बघत म्हणाले. "ती माहेरी गेली होती. तवा मी विसरलो."

"काकू काय म्हणाल्या?"

"काही नाही. पिंजरा घासूनपुसून भंगारवाल्याला दिला. शेवटपर्यंत विषय काढला नाही." मग म्हणाले, "मला सगळं माहीत होतं हो. केमिस्ट होतो मी."

लेक चहा घेऊन आली. कप हातात तसाच धरून काकांनी तिला हळूच विचारलं, "नावं काय गं यांची?"