आमची कादंबरी नुसती बसते

दिल्लीत शाळेचा प्रवेश मिळवून देण्यात भानुमतीबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. हे त्या स्वतःच सांगत आणि द्वारकेतल्या त्यांच्या सोसायटीतली मराठी मंडळी माना डोलावत. मुलगा धीरज लहान असताना त्यांनी कॅन्टोन्मेंटचं ऐसपैस क्वार्टर सोडून मुनिरक्यात एका खोलीत बिऱ्हाड थाटलं होतं, कारण हवी ती शाळा तिथून जवळ होती. त्यांचे यजमान सुभेदार गुलाबराव तेव्हा रोज सायकल हाणत ड्यूटीवर जात आणि घरी आल्यावर कोणाशी बोलत नसत. पुढे नर्सरीच्या प्रवेशाला पॉइंट आले. घर शाळेच्या जवळ असलं तर पॉइंट, थोरलं भावंड त्याच शाळेत असलं तर पॉइंट. तेव्हापासून डिसेंबर उजाडला की भानुमतीबाईंच्या दारात सल्ला मागणाऱ्यांच्या चपलांचा ढीग पडू लागला.

त्यामुळे गुडगावच्या कंपनीने धीरजची बदली मेलबर्नला केली, तेव्हा त्यांनी पदर खोचला.

"शाळेचं माझ्यावर सोडा. जिने दिल्लीत प्रवेश मिळवलेत तिला मेलबर्न काय जड आहे?"

"आई, तिकडे तसं नसतं," सूनबाई तेजश्री म्हणाली. "सरकारी शाळा असते. ज्या भागात घर, त्या भागातली शाळा. घर मिळालं की प्रवेश मिळाला."

"असं वेबसाइटवर लिहितात गं. इथल्या शाळासुद्धा लिहितात, मुलाखत घेत नाही म्हणून. आणि मग पेन्सिल दाखवून विचारतात, बेटा, ये क्या है?"

त्यांनी धीरजकडून मेलबर्नचा नकाशा छापून आणवला. चांगल्या म्हणून नाव असलेल्या शाळांवर पेनने ठिपके दिले आणि आमटीची वाटी पालथी घालून जागोजाग गोल काढले. ब्रॅमली नावाच्या उपनगरावर वाटी ठेवली तेव्हा तिच्याखाली सगळ्यात जास्त ठिपके आले. ब्रॅमली पक्कं झालं.

आता तिथे घर मिळायला हवं होतं, तेही धीरज निघायच्या आत. नाहीतर तो एकटाच पुढे जाणार होता आणि तेजश्री आणि त्यांची सात वर्षांची मुलगी कादंबरी वर्षभर मागे राहणार होती. भानुमतीबाईंची गंमत अशी, की नात जाऊच नये असं त्यांना रोज संध्याकाळी तिची वेणी घालताना वाटे, आणि जायचीच असेल तर पहिल्या नंबरच्या शाळेत जावी असंही वाटे. पण हे त्या कोणाला बोलल्या नव्हत्या.

धीरजने एकाच दिवशी शाळेला आणि घर भाड्याने देणाऱ्या एजंटला मेल पाठवले. उत्तर आलं मार्गारेट नावाच्या बाईंचं. 'तुमचा अर्ज मिळाला. मंगळवारी सकाळी सगळ्या कुटुंबाशी व्हिडिओवर थोडं बोलता येईल का?'

"एजंट असेल," धीरज म्हणाला.

"एजंट कुटुंबाशी कशाला बोलेल? द्वारकेत घर घेताना त्या ब्रोकरने एवढंच विचारलं होतं, वेज हो या नॉन-वेज. अर्ज, कुटुंब, मुलाखत म्हणजे शाळाच. ही प्रिन्सिपल आहे."

धीरजला हे पटलं नव्हतं. पण आईसमोर वाद घालायची सवय त्याला मुनिरक्यापासूनच नव्हती.

मंगळवारी तेजश्री ऑफिसला गेली आणि घराची शाळा झाली. कादंबरीच्या पायात घुंगरू बांधले. गुलाबरावांनी कोटावर मेडलं लावली आणि मांडीवर ढोलकी घेतली. मार्गारेटबाई पडद्यावर आल्या त्या चष्मा लावून, आणि त्यांच्या मागे फायलींचं कपाट होतं. भानुमतीबाईंनी विजयाने धीरजकडे पाहिलं.

"घरात किती माणसं राहणार आहात?" बाईंनी विचारलं.

धीरजने तोंड उघडायच्या आत भानुमतीबाई पुढे सरकल्या. एकत्र कुटुंबाचे संस्कार शाळांना आवडतात हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. "राहायला तीन. पण पाहुणे सारखे! कधी दहा, कधी पंधरा. त्यामुळे मूल शेअरिंग शिकतं."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. "संध्याकाळी साधारण काय करता?"

भानुमतीबाईंनी खूण केली. ढोलकीवर थाप पडली आणि कादंबरी कथ्थक नाचू लागली. खालच्या मजल्यावरच्या शर्माजींनी छताला काठी ठोकली, ती बाईंनाही ऐकू गेली. नाच संपतो न संपतो तोच कराटे सुरू झाले. तिसरी लाथ ढोलकीला बसली आणि ढोलकी घरंगळत बाल्कनीपर्यंत गेली.

"भिंतींवर काही टांगणार आहात का?" बाईंनी बारीक आवाजात विचारलं.

"टांगायचं कशाला?" म्हणत भानुमतीबाईंनी लॅपटॉपच हॉलच्या भिंतीकडे फिरवला. तिथे कादंबरीने खडूने काढलेला हत्ती होता, मेट्रो होती आणि ढोलकीसकट आजोबा होते. "डायरेक्ट भिंतीवर काढते. व्हेरी क्रिएटिव्ह."

संध्याकाळी उत्तर आलं. घराच्या मालकीणबाई शेजारीच राहतात, वयस्कर आहेत, त्यांना शांतता लागते, तेव्हा माफ करा.

धीरजने ते मोठ्याने वाचलं. गुलाबरावांनी हळूच विचारलं, "अगं, मुद्दाम तर नाही ना केलंस? पोरगी जाऊ नये म्हणून?"

भानुमतीबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ भांडी आपटण्याचा आवाज येत राहिला. मुद्दाम केलं नव्हतं. पण मेल वाचल्यावर क्षणभर आपल्याला बरं वाटलं होतं, हे त्यांना समजलं होतं आणि त्याचीच त्यांना लाज वाटत होती. घर आपण घालवलं, आता आपणच मिळवायचं, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून नवी तालीम सुरू झाली. घुंगरू माळ्यावर गेले, ढोलकी दिवाणात गेली.

"हात मांडीवर. हलायचं नाही. विचारलं तरी बोलायचं नाही."

"म्हणजे स्टॅच्यू खेळायचंय?"

"बिल्कुल."

"आजी, किती वेळ? मी बोर झाले यार."

आठवडाभराने सकाळी, तेजश्री नुकतीच बाहेर पडली होती, आणि धीरजचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. टक्कल पडलेले एक हसतमुख गृहस्थ होते. "मी ॲलन, ब्रॅमलीहून. अचानक फोन केला, चालेल ना? तुमच्या कादंबरीबद्दल जाणून घ्यायचं होतं."

"दुसऱ्या घराचा मालक," भानुमतीबाई धीरजच्या कानात पुटपुटल्या. "मार्गारेटने त्याला सगळं सांगितलेलं दिसतंय." आणि त्यांनी कादंबरीला स्टुलावर बसवलं.

"तिला काय काय आवडतं?" ॲलननी विचारलं.

"काही नाही," धीरज म्हणाला. या वेळी तोही तयारीत होता. "गाणं नाही, नाच नाही. कराटे तर मुळीच नाही."

"चित्रं काढते?"

"नो, नो," भानुमतीबाई मध्ये आल्या. "भिंतीला हात लावत नाही."

"मैत्रिणी येतात खेळायला?"

"नो फ्रेंड्स. कोणी येत नाही, कोणी जात नाही."

ॲलनचं हसू हळूहळू मावळत चाललं होतं. "मग ती दिवसभर करते तरी काय?"

"आमची कादंबरी नुसती बसते," भानुमतीबाई अभिमानाने म्हणाल्या.

ॲलननी स्टुलाकडे पाहिलं. कादंबरी हात मांडीवर ठेवून, पापणीही न लववता बसली होती. "कादंबरी, बाळ, तू ठीक आहेस ना?" कादंबरीने आजीकडे पाहिलं. आजीने ओठांवर बोट ठेवलं. ते ॲलननीही पाहिलं.

"तिला घरात बोलायची परवानगी आहे ना?"

"आहे की! पण रात्री आठनंतर अजिबात नाही."

ॲलननी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "मी ब्रॅमलीच्या शाळेचा मुख्याध्यापक आहे. आमच्याकडे मुलांच्या अडचणी समजून घेणाऱ्या एक शिक्षिका आहेत. मी उद्या त्यांना घेऊन पुन्हा फोन करतो."

त्या दिवशी घरात जेवण कोणाला गेलं नाही. भानुमतीबाई देवापुढे बसून राहिल्या. संध्याकाळी तेजश्री आली, तिने सगळं ऐकून घेतलं आणि सोफ्यावर आडवी होऊन इतकी हसली, की गुलाबराव पाणी घेऊन आले.

"आई, घर मी परवाच पक्कं केलंय. ब्रॅमलीतच. पत्ता शाळेला कळवला आणि कालच प्रवेश झाला. ते सर फक्त ओळख करून घ्यायला फोन करत होते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"धीरजलाही नाही सांगितलं. कळलं असतं तर तुम्ही घरमालकाचीही मुलाखत घेतली असतीत."

भानुमतीबाई सोफ्याच्या कडेला टेकल्या. मुलाखत नव्हतीच. पॉइंट नव्हते. वाटी, घुंगरू, स्टॅच्यू, कशाचीच कोणाला गरज नव्हती. आणि नात जाणार होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तेजश्रीनेच शाळेला फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. फोन ठेवल्यावर ती सासूबाईंजवळ येऊन बसली.

"आई, तुमचा पासपोर्ट आहे ना? नव्या मुलांसोबत पहिला आठवडा घरचं एक माणूस वर्गात बसू शकतं म्हणे. त्यांनी कादंबरीला विचारलं, कोण हवं."

"मी आजी सांगितलं," कादंबरी म्हणाली.

भानुमतीबाईंनी तिला पोटाशी धरलं. पासपोर्ट होता, धीरजने मागेच काढून दिलेला. "बघा," त्या गुलाबरावांना म्हणाल्या, "शेवटी मुलाखत माझीच झाली आणि पासही मीच झाले."

"त्यांची एक अट आहे," तेजश्री म्हणाली. "वर्गात आजींनी बोलायचं नाही."

त्याच संध्याकाळी तालीम सुरू झाली. भानुमतीबाई कादंबरीच्या छोट्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसल्या आणि कादंबरी टीचर झाली. तिने बाहुलीसमोर पेन्सिल धरून विचारलं, "बेटा, ये क्या है?"

"पेन्सिल," भानुमतीबाई म्हणाल्या.