फोटोत नसलेले गंगाधरभावजी

मावळत्या सूर्याला "वो, जरा थांबा, हलू नका" असं दरडावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी, गंगाधरभावजी. आमच्या चुडावा गावात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे आणि आसपासच्या गावांतली लग्नं त्यांच्याशिवाय लागत नाहीत. एकदा ऐन अक्षतांच्या वेळी कॅमेऱ्याची बॅटरी संपली, तर या बाबानं भटजींना शेवटचं मंगलाष्टक परत म्हणायला लावलं. भटजींनीही म्हटलं. करतात काय!

नवरदेव असो की आमदार, भावजींचा हुकूम एकच, "हनुवटी खाली, चिंता बाजूला." माझी आई जन्मात कधी फोटोत हसली नव्हती. भावजी तिला म्हणाले, "मावशे, जावई लय तरास द्यायलाय का?" आई खुदकन हसली आणि तेवढ्यात यांनी बटण दाबलं. आता आई नाही, तो फोटो भिंतीवर आहे. त्या एका फोटोपायी या माणसाचे शंभर गुन्हे मला माफ.

दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या नवरा-बायकोचा जोडीनं फोटो ते फुकट काढून देतात. मागं आजीजवळ राहिलेल्या लेकरांना रोज आईबापाचं तोंड दिसलं पाहिजे म्हणतात. साऱ्या गावाचे जोडीचे फोटो काढले आणि स्वतःच्या घरात एक नाही. त्यांची बायको शकू माझी मैत्रीण. दोघांचा मिळून एक फोटो, एवढंच तिचं मागणं. पोरगी कॉलेजात गेली तरी ते काही जमलेलं नाही.

लग्नाच्या अल्बममध्ये असेल, असं तुम्ही म्हणाल. तो मी पाहिलाय. नांदेडचा फोटोग्राफर चुकीच्या बाजूनं फोटो काढायलाय म्हणून नवरदेव स्टेजवरून उतरला आणि त्याच्या हातून कॅमेरा ओढून घेतला. अल्बमात शकू दोन्ही हातांनी हार पुढं करून उभी आहे आणि समोर नवराच नाही. बघणाऱ्याला वाटावं, ही आपल्यालाच हार घालायलीय.

सेल्फीचं नाव काढायची सोय नाही. "हात लांब करून काढत्यात तो फोटो न्हाई, हातचलाखी हाय." आणि त्यांच्या कॅमेऱ्याला तर कुणी बोट लावायचं नाही.

परवा शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली. आम्ही दोघं आणि ते दोघं, आमच्या गाडीतून कोकणात गेलो. निघतानाच शकूनं मला बजावलं, "ताई, समुद्र न्हाई दिसला तरी चालंल. फोटो झाला पायजे."

संध्याकाळी किनाऱ्यालगतच्या पायवाटेनं निघालो. भावजी उलटे चालत होते, तोंड आमच्याकडं आणि पाठ रस्त्याकडं. दोन नारळवाल्यांना धडकले. समुद्रावर त्यांची पहिल्यापासूनच नाराजी होती. "हे पाणी लय हलायलंय. एका जागी थांबतच न्हाई." आमच्या ह्यांना चार वेळा हनुवटी खाली करायला लावली. ह्यांच्या हनुवटीला आता खाली जागाच उरली नव्हती.

सूर्य पाण्याला टेकायला आला. शकू कठड्याजवळ उभी राहिली, पार डाव्या कडेला.

"शकू, मधी सरक. उजवीकडं लय जागा सुटायलीय."

"सुटू द्या," शकू शांतपणे म्हणाली. "तुमची हाय ती. मी दर बारीला सोडते."

भावजींनी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. माझे डोळे भरून आले. एवढे फोटो काढले या माणसानं आणि ही जागा याला दिसली नाही.

ते पाण्याकडं वळले. मग हळूच म्हणाले, "लग्नात तुझ्या मामाकडचं कुणीतरी म्हणलं होतं, पोरगी फोटोवानी हाय अन् पोरगा निगेटिव्हवानी. मला वाटलं, खरंच हाय की. कशाला तुझा फोटो खराब करायचा."

"ते मीबी ऐकलं होतं," शकू म्हणाली. "ऐकूनच हार घातला की."

भावजींनी गळ्यातला पट्टा काढला आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. शकूशेजारी जाऊन उभे राहिले. हात खिशात घातले, बाहेर काढले, मागं बांधले. साऱ्या जगाला उभं राहायला शिकवणारा माणूस, मला विचारतो, "वैनी, कुठं बघू?"

"शकूकडं बघा," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

तोवर सूर्य बुडून गेला होता. फोटोत समुद्र एका बाजूला कलंडलेला, शकूचा खांदा कापलेला, भावजींचे डोळे मिटलेले.

"वाकडा आलाय हो," मी ओशाळून म्हटलं. "पुसून दुसरा काढते."

भावजींनी घाईघाईनं कॅमेरा माझ्याकडून काढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या वैनी. दोघंबी आलोत की त्यात."