वादळाचं सामान आणि शिडी

कोणी विश्वास ठेवला नाही हो! बाई स्वतःच्या घरात भरदुपारी अडकते, आणि लोक हसतात.

झालं असं. मागच्या वादळात बुरोंडीच्या सत्यवतीच्या काडेपेट्यांची पेज झाली होती. म्हणून यंदा तिने ठरवलं, वादळाचं सामान माळ्यावर लावायचं. मेणबत्त्या, बॅटऱ्या, शिट्टी, पोहे, गूळ, पाणी. ताटल्या चार. (घरात माणूस एक. नवरा शिवा आणि दोन्ही पोरं मुंबईला. पण एकच ताटली ठेवायला हात होईना, त्याला काय करणार?)

पडवीतून शिडी लावून ती वर चढली. डबे लावतेय तोच शेजारची गोदा ओरडली, "सत्यवती, हायस काय गो?"

सत्यवती श्वास रोखून कोपऱ्यात बसली. गोदाच्या नजरेला सामान पडलं की निम्म्या बॅटऱ्या गेल्याच! गोदाने तीन हाका मारल्या. मग काहीतरी घासल्याचा आवाज आला. मांजर असेल, असं सत्यवतीला वाटलं.

मांजर शिडी नेत नाही.

तिने शिवाला फोन लावला. "अहो, मी माळ्यावर अडकलेय."

"बरं. खाली उतरलीस की फोन कर."

"शिडीच नाही!"

"मग चढलीस कशी?" म्हणाला आणि हसत सुटला. हिने रागाने फोन आपटला.

गोदाला फोन करता आला असता. पण सांगणार काय? मघाशी होते, मुद्दाम गप्प बसले?

मग शिट्टी फुंकली. रस्त्यावर चिमाकाकू ओरडली, "अगो बाय, एस्टी सुटली!" आणि पिशवी सावरत पळाली.

सत्यवतीने पोहे-गूळ खाल्ला. एका ताटलीत. बाकीच्या तिन्हींकडे बघेना. ऊन उतरलं तरी अंगणात कोणी फिरकलं नाही. वर्षभर कोण फिरकतं म्हणा! तेव्हा मात्र हट्ट सुटला.

"गोदा गोऽऽ!"

गोदा शिडीसकट धावत आली, वर चढली, आणि उतरायचं सोडून ताटली ओढून बसली. सत्यवतीने न मागता तिला पोहे वाढले.

तेवढ्यात शिवाचा फोन आला. सत्यवतीने स्पीकरवर टाकला. "शिडी कोणी नेली होती?"

"मी नेली, भावजी," गोदा तोंडातला घास सावरत म्हणाली. "पण तीनदा हाक मारून नेली. ही दुपारपासून वरच होती ना? मग ओ का दिली नाही?"

"वारा होता," सत्यवती पुटपुटली.

"पान हलत नव्हतं!"

"सांग की," शिवा म्हणाला, "ओ कोणी नाही दिली?"

सत्यवतीने गुळाचा खडा गिळला.

"सत्यवतीने."